समुद्रातल्या मरणाचा पंचनामा

जूनच्या पहिल्या आठवड्यात केळशीला गेलो होतो. ताम्हिणी, माणगाव, मंडणगड असं करत पुण्याहून सहा तास. पाऊस नुकताच लागला होता, होड्या वर ओढून ठेवलेल्या, पुळणीवर चिटपाखरू नाही. अर्धा तास अनवाणी चाललो आणि परत आलो तो तळपायाला काळं, चिकट डांबर. नळाखाली धुतलं, साबण लावला, वाळूने घासलं; जागचं हललं नाही. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकू ओटीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "साबणाने नाही जायचं ते. खोबरेल लावा." खोबरेल चोळल्याबरोबर डांबर सुटायला लागलं. "कुठून येतं हो हे?" मी विचारलं. "समुद्रातनं. दर वर्षी येतं पाऊस लागला की. कोणाचं ते कोणास ठाऊक."

समुद्रातल्या तेलगळतीचा विषय समजून घ्यायला काकूंचं हे बोलणं मला पुरेसं वाटतं. तेल पाण्याने धुतलं जात नाही, ते तेलातच विरघळतं; म्हणून पिसं, कातडी, अंड्याचं कवच, यकृत, जिथे म्हणून स्निग्धपणा आहे तिथे ते शिरतं. हा झाला विज्ञानाचा भाग. आणि 'कोणाचं ते कोणास ठाऊक' हा झाला जबाबदारीचा भाग. बहुतेक लेख पहिल्यावर थांबतात. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो, पण पहिल्याशिवाय तो कळत नाही.

खनिज तेल हा एक पदार्थ नव्हे. पेट्रोलसारख्या भुर्रकन उडणाऱ्या द्रवापासून रस्त्यावर ओतायच्या डांबरापर्यंत असंख्य रसायनांची ती खिचडी असते. समुद्रात सांडल्यावर पहिल्या काही दिवसांत हलका भाग हवेत उडतो. त्यात बेंझीनसारखी विषं असतात, आणि श्वास घ्यायला वर येणारे डॉल्फिन आणि कासवं नेमकी पाण्यालगतची ती हवा छातीत ओढतात. उरलेलं तेल लाटांनी घुसळलं जातं, त्यात पाणी शिरतं, ते फुगून तपकिरी आणि घट्ट होतं. मग त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे गोळे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून सुटला की हे डांबरगोळे आपल्या किनाऱ्याला लागतात. खोल समुद्रातल्या विहिरी, आखातातून येणारे टँकर, टाक्या धुऊन ते पाणी गुपचूप सोडून देणारी जहाजं, यांपैकी कोणाचंही ते असू शकतं.

पुण्यात बसून समुद्राची काळजी कशाला, असं कोणी म्हणेल. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय आहे; १९७४ मध्ये तिथे तेल लागलं. तिथलं तेल समुद्रतळावरच्या पाइपातून उरणला येतं, पुढे माहुलच्या बाजूच्या रिफायनऱ्यांत जातं, आणि माहुलहून पेट्रोल-डिझेल पाइपलाइननेच घाट चढून लोणी काळभोरला येतं. कर्वे रस्त्यावर आपण टाकी फुल करतो तेव्हा या साखळीचं शेवटचं टोक आपल्या हातात असतं. (आपल्याकडच्या नाल्यात ओतलेलं गाडीचं जळकं ऑइल मात्र मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत, म्हणजे थेट बंगालच्या उपसागराच्या दिशेने जातं. तो वेगळा लेख होईल.)

आता प्राणी. पक्ष्याची पिसं कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात, आणि प्रत्येक पिसाचे बारीक तंतू बॅगेच्या चेनसारखे एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळे पाणी आत शिरत नाही, आत गरम हवा राहते आणि पक्षी तरंगतो. तेलाचा डाग पडला की तेवढ्या जागची चेन उघडते. थंड पाणी कातडीला भिडतं. पक्षी मग त्याला जे येतं तेच करतो: चोचीने पिसं साफ करायला लागतो आणि प्रत्येक चोचीबरोबर थोडं तेल गिळतो. म्हणजे थंडीने नाही मेला तर आतड्याने मरतो. घरट्यात बसला असेल तर छातीचं तेल अंड्यांना लागतं. अंड्याच्या कवचाला श्वास घ्यायला बारीक छिद्रं असतात. काही जातींत तेलाचा एखादा थेंबही आतला गर्भ मारायला पुरतो.

माशांचं आणखी वेगळं. मासा मोठा असेल तर पळून जाईल, पण अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं पाण्याबरोबर वाहत असतात. तेलातली काही रसायनं हृदयाच्या पेशींचं आकुंचन-प्रसरण बिघडवतात. २०१० च्या मेक्सिकोच्या आखातातल्या गळतीनंतर ट्यूना माशांवर झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. असं पिल्लू लगेच मरत नाही; त्याला जोरात पोहता येत नाही, आणि मग दुसरा कोणी त्याला खातो. त्याच्या मरणाच्या दाखल्यावर 'तेल' कधीच लिहिलं जात नाही.

कंपन्यांच्या जबाबदारीचं सगळं गणित इथे येऊन अडतं. शेतात गारपीट झाली की तलाठी येतो, पंचनामा करतो, किती गुंठे, किती टक्के ते लिहितो, मग भरपाई. पंचनामा नाही तर भरपाई नाही. समुद्रात मेलेल्या जिवाचा पंचनामा कोण करणार? मेलेला पक्षी बुडतो, शार्क त्याला खातो, किंवा प्रवाह त्याला उलट्या दिशेला नेतो.

१९८९ च्या २४ मार्चला अलास्कात 'एक्झॉन वाल्डेझ' हा टँकर खडकावर चढला आणि सुमारे ३७ हजार टन तेल सांडलं. किनाऱ्यावर साधारण ३५ हजार पक्ष्यांची कलेवरं सापडली. प्रत्यक्षात मेले असावेत सुमारे अडीच लाख. समुद्री ऊदमांजरांचा अंदाज २,८०० चा. मेक्सिकोच्या आखातात तर शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी पडताळून पाहिल्या तेव्हा आढळलं की तिथे मरणाऱ्या डॉल्फिन-देवमाशांपैकी सरासरी फक्त २ टक्क्यांची शरीरं हाती लागतात. म्हणजे वाळूवर एक डॉल्फिन दिसला तर मागे पन्नास असू शकतात. वर्तमानपत्रात फोटो त्या एकाचा येतो, आणि 'एक डॉल्फिन मृत' अशी ओळ छापून येते.

ही दरी भरून काढायचा एकच मार्ग आहे: गळती होण्याआधी तिथे काय होतं हे माहीत असणं. मेक्सिकोच्या आखाताचं उदाहरण बघा. २० एप्रिल २०१० रोजी बीपी कंपनीची तेलविहीर खोदणाऱ्या 'डीपवॉटर होरायझन' या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला, ११ कामगार गेले, आणि दीड किलोमीटर खोल पाण्याखालची विहीर ८७ दिवस वाहत राहिली. लुईझियानाच्या बाराटारिया खाडीतले डॉल्फिन पुढच्या वर्षी तपासले तर फुप्फुसं खराब, अंगात जोर नाही. पण ते तेलामुळेच कशावरून? ते आधीपासूनच आजारी नव्हते कशावरून? कंपनीच्या बाजूने हा प्रश्न येणारच होता आणि आला. उत्तर देता आलं ते फ्लोरिडातल्या सारासोटा खाडीमुळे. तिथल्या डॉल्फिनचा अभ्यास १९७० पासून अखंड चालू आहे. कोण कोणाचं पिल्लू हेसुद्धा लिहून ठेवलेलं. त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर कळलं की बाराटारियात फुप्फुसाचा गंभीर आजार पाचपट होता. पुढे गाभण माद्यांवर लक्ष ठेवलं तेव्हा बाराटारियात पाचातल्या जेमतेम एकीचं पिल्लू जगलं. तुलनेच्या ठिकाणी हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर होतं. चाळीस वर्षं कोणीतरी होडीतून निमूटपणे डॉल्फिनच्या परांचे फोटो काढत होतं. भरपाईच्या हिशेबात शेवटी त्या फोटोंचं मोल झालं.

मोजण्याचं हे भांडण प्राण्यांपुरतं नसतं. सांडलेल्या तेलाचंही असतं. अमेरिकी कायद्यात दंड पिंपागणिक आहे (एक पिंप म्हणजे १५९ लिटर). मेक्सिकोच्या आखातातल्या त्या गळतीच्या वेळी साध्या चुकीला पिंपामागे जास्तीत जास्त १,१०० डॉलर आणि घोर निष्काळजीपणाला ४,३०० डॉलर असा दर होता. त्यामुळे किती पिंपं सांडली हा कंपनीसाठी कोट्यवधींचा प्रश्न असतो. सुरुवातीला दिवसाला १,००० पिंपं सांगितली गेली, मग ५,०००. शेवटी सरकारी शास्त्रज्ञांचा आकडा ५० हजारांच्या वर गेला. कोर्टात बीपी कंपनी म्हणाली २४ लाख ५० हजार पिंपं, सरकार म्हणालं ४२ लाख, न्यायाधीश कार्ल बार्बिए यांनी ठरवली ३१ लाख ९० हजार. घोर निष्काळजीपणाही त्यांनी मान्य केला.

आणि एक युक्ती. त्या गळतीत जवळपास ७० लाख लिटर रासायनिक द्रावण तेलावर फवारलं गेलं, काही तर थेट समुद्रतळाशी विहिरीच्या तोंडाशी. काम साबणासारखंच. आता विचार करा, भांडी घासताना कढईतलं तेल नाहीसं होतं का? ते बारीक थेंब होऊन पाण्याबरोबर मोरीतून पुढे जातं. कढई स्वच्छ दिसते. समुद्राचंही तसंच: वरचा तवंग कमी होतो, किनाऱ्यावरचे पक्षी वाचतात हे खरं, पण तेल खालच्या पाण्यात उतरतं, जिथे माशांची पिल्लं असतात आणि कॅमेरे नसतात. ते फवारणं सरसकट चूक होतं असं मी म्हणत नाही. शास्त्रज्ञांतही त्यावर वाद आहेत. पण दिसणारं नुकसान कमी करून न दिसणारं वाढवणारा उपाय निवडताना कोणाच्या सोयीचा विचार झाला, हे विचारायला हरकत नाही.

जबाबदार कोण, हा प्रश्नही दिसतो तेवढा सरळ नाही. डीपवॉटर होरायझनवर विहीर बीपीची होती, फलाट ट्रान्सओशन कंपनीचा, तोही मार्शल बेटांवर नोंदलेला. सिमेंटचं काम हॅलिबर्टनकडे. स्फोटानंतर तिघांनी एकमेकांकडे बोटं दाखवली. शेवटी कोर्टाने दोष वाटून दिला: ६७ टक्के बीपी, ३० ट्रान्सओशन, ३ हॅलिबर्टन. २०१६ मध्ये २०.८ अब्ज डॉलरची तडजोड मंजूर झाली. त्यातला पिंपांच्या हिशेबाचा दंड ५.५ अब्ज, कमाल दराने तो १३.७ अब्ज झाला असता. आकडे डोळे दिपवतात, पण हेही लक्षात घ्या की अमेरिकी सरकारसारखा ताकदवान फिर्यादी होता म्हणून हे झालं. आणि त्याच अमेरिकेत एक्झॉनला ज्युरीने १९९४ मध्ये ठोठावलेली ५ अब्ज डॉलरची दंडात्मक भरपाई अपिलांत घासत घासत २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुमारे ५० कोटी डॉलरवर आली. चौदा वर्षं. तिकडे ऊदमांजरांची संख्या सावरायला पंचवीस वर्षं लागली, आणि 'एटी-१' नावाने ओळखल्या जाणाऱ्या किलर व्हेलच्या कळपात गळतीनंतर एकही पिल्लू जन्मलेलं नाही. या कळपाची भरपाई कोणाला द्यायची?

फिर्यादी दुबळा असला की काय होतं ते तिमोर समुद्रात दिसलं. ऑगस्ट २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतली मोंटारा विहीर फुटली, ७४ दिवस वाहिली. पलीकडे इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर समुद्री शेवाळाची शेती करणारे हजारो लोक होते. त्यांचं पीक कुजलं. कंपनीचं म्हणणं, आमचं तेल तिथवर पोचलंच नाही. या शेतकऱ्यांच्या पाण्याचे नमुने वेळेवर कोणी घेतलेच नव्हते. १५ हजारांहून जास्त शेतकऱ्यांचा दावा जिंकून १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड व्हायला २०२२ उजाडलं. पंचनामा न झालेल्या नुकसानीला तेरा वर्षं लागतात, असं म्हणू.

आपल्याकडे येऊ. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजं धडकली आणि सुमारे ८०० टन तेल सांडलं. ते अलिबाग-उरणच्या तिवरांत शिरलं. तिवराची मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात. त्यांच्यावर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरतं, आणि त्या मुळांच्या आधाराने वाढणाऱ्या चिंबोऱ्या आणि कोळंबीची पिल्लंही जातात. त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०११ मध्ये, ६० हजार टन कोळसा घेऊन 'राक कॅरियर' मुंबईजवळ बुडालं, इंधनाच्या तेलासकट. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये जहाजमालक कंपन्यांना १०० कोटी आणि ज्यांचा कोळसा होता त्या अदानी एंटरप्रायझेसला ५ कोटी रुपये भरपाई भरायला सांगितलं. माल ज्याचा त्याचीही जबाबदारी, हे त्या निकालातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

मे २०२५ मध्ये कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं. ६४० कंटेनर, टाक्यांत साडेतीनशे टनांहून जास्त फर्नेस ऑइल, झेंडा लायबेरियाचा. केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला. हायकोर्टाने तारण म्हणून ठरवले सुमारे १,२२७ कोटी. एवढा फरक कसा, तर नुकसानीचा पुरावा काय, हाच प्रश्न. शिवाय जहाजवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारांत एक चमत्कारिक तरतूद आहे: भरपाईची कमाल मर्यादा जहाजाच्या आकारमानावरून ठरते, नुकसानीवरून नव्हे. समजा, लक्ष्मी रोडवर टेम्पो साड्यांच्या दुकानात घुसला, आणि भरपाई दुकानाचं किती गेलं यावरून नाही तर टेम्पो किती टनी आहे यावरून ठरली, तर दुकानदार काय म्हणेल? मालकाने मुद्दाम किंवा परिणाम ठाऊक असूनही बेपर्वाईने वागल्याचं सिद्ध झालं तरच ही मर्यादा मोडते.

याच्या अगदी उलट टोकाचा विचार भारतीय कायद्यात आहे, आणि त्याचा अभिमान बाळगायला हवा. दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सांगितलं की धोकादायक धंदा करणाऱ्याने काळजी घेतली होती की नाही हा मुद्दाच नाही. अपघात झाला की जबाबदारी पूर्ण, आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात 'प्रदूषण करणाऱ्याने भरावं' हे तत्त्व शब्दशः आहे. आणि महाराष्ट्र, गोवा, गुजरात या सगळ्या किनाऱ्याचं पश्चिम विभागीय खंडपीठ बसतं कुठे? पुण्यात, कौन्सिल हॉलच्या समोर. ज्या शहराला समुद्र नाही त्या शहरात समुद्राची कैफियत ऐकली जाते. भरपाईचा अर्ज पाच वर्षांच्या आत करता येतो.

अर्ज करणाऱ्याच्या हातात काय असावं लागतं? तेल कोणाचं हे शोधता येतं. प्रत्येक तेलसाठ्यातल्या काही टिकाऊ रसायनांचं प्रमाण वेगळं असतं, माणसाच्या बोटांच्या ठशासारखं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी डांबरगोळ्यांवर असं काम केलेलं आहे. काकूंच्या 'कोणास ठाऊक'ला उत्तर आहे, फक्त नमुना नीट घेतलेला हवा. प्राण्यांच्या बाजूनेही थोडी सुरुवात झाली आहे. २०२२ च्या सुरुवातीला कोकणात पाच ऑलिव्ह रिडले माद्यांना उपग्रह टॅग लावले. वेळासची 'प्रथमा' त्यातली पहिली. २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर ओडिशात लावलेला क्रमांक सापडला. म्हणजे इथल्या पाण्यातलं तेल तिथल्या कासवाला लागू शकतं हे आता कागदावर सांगता येतं. पण सारासोटासारखी चाळीस-पन्नास वर्षांची वही आपल्या कुठल्या खाडीची आहे? दापोली-मालवणच्या किनाऱ्याला कुबडवाले डॉल्फिन फिरतात. पर्यटकांना दाखवायला होड्या रोज जातात. त्या होडीवाल्यांना कोण किती वेळा कुठे दिसला ते तोंडपाठ असतं. लिहिलेलं नसतं.

त्या जूनमध्ये मीही एक शहाणपणा केला होता. काकूंकडून जॅमची रिकामी बाटली मागून घेतली, त्यात चार-पाच डांबरगोळे भरले आणि कोथरूडला घेऊन आलो. बाटली अजून टेबलाच्या खणात आहे. एप्रिलच्या उन्हाने गोळे वितळून एक झाले आहेत. हा लेख लिहायला बसलो तेव्हा ती बाहेर काढून फिरवून पाहिली. झाकणावर 'मिक्स फ्रूट' एवढंच लिहिलेलं आहे. तारीख मी टाकली नव्हती, आणि पुळणीच्या कुठल्या टोकाला ते उचलले तेही आता आठवत नाही.